गोव्यातल्या भंगारात सापडणाऱ्या जुन्या रेकॉर्डी

डिचोलीचा_फोनो (धागाकर्ता)

मंडळी, गोव्यात जुन्या रेकॉर्डी कुठे मिळतात, असे निरोप अधूनमधून येत असतात. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच धागा काढतो.

पहिलं म्हणजे मुंबईला चोरबाजार आहे, पुण्याला जुना बाजार आहे, तसं ठरलेलं ठिकाण आपल्याकडे नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नशीब असेल तर कुणीतरी जुन्या सामानाची पथारी टाकून बसलेला भेटतो. हणजुणेचा बुधवारचा बाजार पर्यटकांचा, भाव पण त्यांच्याच खिशाला बघून. पर्वरी-साळगाव बाजूच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत मात्र डोकवावं. समोर काही दिसणार नाही. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली काय आहे ते विचारावं.

खरं म्हणजे गोव्यात रेकॉर्ड बाहेर येते ती घर रिकामं होतं तेव्हा. म्हातारी माणसं गेली, मुलं लिस्बनला नाहीतर लंडनला, घर विकायला काढलं, की नव्या मालकाच्या आधी टेम्पो येतो. शिसवी कपाटाला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. शिंपल्यांच्या खिडक्यांनाही असतं. रेकॉर्डींचं खोकं मात्र 'हे पण घेऊन जा' म्हणून वर फुकट चढवतात.

आता माझा मुद्दा. असं खोकं हाती लागलं तर त्यातल्या 'चांगल्या' चार उचलून बाकीच्या परत ठेवू नका. परवडत असेल तर अख्खा गठ्ठा घ्या. नसेल परवडत तर निदान गठ्ठ्यात काय काय होतं ते लिहून ठेवा. खोक्यावरून घर कळतं. पाकिटावर नैरोबीच्या दुकानाचा शिक्का असतो, कधी लोरेन्सो मार्किशचा (म्हणजे आताचं मोझांबिकमधलं मापुतो), कधी कुवेतचा. त्या घरातलं कोण कुठे नोकरीला होतं ते त्यावरून समजतं. अमेरिकन गायक जिम रीव्हज आणि आमालिया रॉद्रिगिशचा फादो (पोर्तुगीज गाणी) यांच्या मधे दीनानाथांची नाट्यपदं निघाली, तर ती त्या घरात कशी आली असतील याचा विचार करण्यात माझी संध्याकाळ जाते. दुकानदार मात्र आणल्या दिवशीच वाटणी करतो: हिंदी सिनेमा एका गिऱ्हाइकाला, इंग्रजी दुसऱ्याला, कोंकणी-मराठी पडून. एकदा ही वाटणी झाली की त्या घराचा पत्ता कायमचा गेला.

मी पाकिटात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. गाव, वाडा, सोबत काय होतं. घरच्यांना नको असेल तर नाव लिहीत नाही.

बाकीच्यांचे अनुभव येऊ द्या.

मडगावकर

धाग्याबद्दल आभार. गठ्ठ्याचं शंभर टक्के पटलं. भर एवढीच, की आपल्या माणसांची नावं बहुतेक वेळा लेबलवर नसतात, ती आपल्यालाच माहीत असावी लागतात. हिंदी सिनेमाची ७८ची प्लेट (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी) घ्या. गायक असतो, संगीतकार असतो, सिनेमाचं नाव असतं. वाद्यमेळ कुणी बांधला? गप्प. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, रेइस मागूशचे. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियु शावियेर वाझ. १९५१च्या 'अलबेला'तली ट्रंपेट ऐका म्हणजे समजेल. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ साली सिनेमातल्या एका पात्राला त्यांचं नाव मिळालं, पण प्लेटांवर कधी मिळालं नाही.

म्हणून मडगावच्या एखाद्या घरातून हिंदी सिनेमाच्या प्लेटा निघाल्या तर 'बॉलीवुडच्या कॉमन आहेत' म्हणून टाकून देऊ नका. त्या घरातला कुणी त्यात वाजवत असू शकतो.

आसगावची_माई

कोंकणीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? लोर्ना आणि क्रिस पेरींच्या एचएमव्हीच्या ईपी (दोन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या), आल्फ्रेड रोझची कांतारां म्हणजे कोंकणी गाणी, तियात्रांतली (कोंकणी नाटकांतली) गाणी. माझ्या मते गोव्यातला संग्रह यांच्यापासून सुरू व्हावा. त्या दुसरीकडे कुठे सापडणार? आणि याच सगळ्यांत जास्त झिजलेल्या असतात, कारण घरोघरी लग्नात, लादाइनीत (घरच्या प्रार्थनेत), नाताळाला वाजल्यात. कोरी करकरीत लोर्ना मिळाली तर मला आधी शंकाच येईल.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण प्रश्न विचारतो. हे सगळं यूट्यूबवर आहे. फुकट आहे, खरखर नाही, वाळवी लागत नाही. मग दोन खोल्यांच्या फ्लॅटमधे ही अडगळ कशाला? अर्धी मजा 'माझ्याकडे आहे' म्हणण्याची असते, हे कबूल करून टाका.

काळी_एक

@स्पष्टवक्ता, असते ना, कबूल! पण सगळं यूट्यूबवर आहे हे खरं नाही, आणि जे आहे ते पुष्कळदा बेसूर आहे. बेसूर म्हणजे गाणाऱ्याचं नव्हे, चढवणाऱ्याचं.

फोंड्याला पेटीची साथ करतो, म्हणून हे मला लगेच टोचतं. ७८च्या प्लेटा म्हणतात खऱ्या, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या ठीक ७८च्या वेगानं कापलेल्या नसत. साडेत्र्याहत्तरच्या आसपास कापलेली प्लेट तुम्ही ७८ वर फिरवलीत तर सूर अर्ध्या स्वरानं चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारी बाई पांढरी दोनमधे ऐकू येते, आवाज चिमणा होतो आणि ताना उगाच घाईत वाटतात. मग लोक म्हणतात, 'जुने लोक काय वेगात गायचे!' प्लेट हातात असेल आणि यंत्राला वेग कमीजास्त करायचा खटका असेल तर पेटी लावून बघता येतं. दुसऱ्यानं चुकीच्या वेगात चढवलेल्या गाण्यावर तेवढा विश्वास ठेवता येत नाही.

आणि दहा इंची प्लेटची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात तासाभराचा ख्याल कसा आवळला, काय गाळलं, काय ठेवलं, हे ऐकणं हे एक वेगळं शिक्षण आहे. अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांत (१९०२, कलकत्ता, गौहर जान) गाणं संपताना बाई स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगाराला कोण कुणाची हे कळायला हवं. १९०८ मधे कलकत्त्यातच सियालदाहला कारखाना निघाला तेव्हा ती गरज उरली नाही. संगणकावर चढवणारे शेवटचं हे नाव 'नको तो आवाज' म्हणून पुष्कळदा कापतात.

स्पष्टवक्ता

वेगाचा मुद्दा मान्य. नवीन कळलं. अडगळीचा मुद्दा कायम.

रेवा_पणजी

मी अगदी नवखी आहे, प्लेअर नुकताच घेतला. आईच्या मावशीकडून आलेल्या रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आहे, काही पाकिटं आतून चिकटलीत. धुवायच्या का? साबणानं? एका काकांनी स्पिरिटनं पुसायला सांगितलंय. आणि काही जड, ठिसूळ आहेत, त्या पण याच प्लेअरवर लावू का?

डिचोलीचा_फोनो

@रेवा_पणजी, थांबा! स्पिरिटची बाटली आधी कपाटात ठेवा.

जड आणि ठिसूळ त्या लाखेच्या, म्हणजे ७८च्या. त्यांत लाख, दगडाची पूड आणि काजळी असते. सुतार चपडा लाख स्पिरिटमधे विरघळवून कपाटांना पॉलिश मारतात ना, तीच ही लाख. स्पिरिट लावलंत तर रेघा विरघळून फडक्यावर येतील. व्हिनाइलच्या एलपीला (३३च्या वेगाच्या मोठ्या तबकडीला) पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, लाखेला कुठलाच अल्कोहोल नाही.

धुण्याची पद्धत सांगतो. बुरशी आधी घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. घरात झाडलीत तर बाकीच्यांना लागेल. मग डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल), त्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-चार थेंब. मऊ फडक्यानं रेघांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं घासू नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. लाखेची प्लेट पाण्यात बुडवून ठेवायची नाही, पटकन पुसून काढायची. वाळवायची पंख्याखाली उभी करून. उन्हात अजिबात नाही, एलपी दुपारच्या उन्हात पापडासारखी वाकते. गाडीत ठेवून बाजारात गेलात तरी तेच.

चिकटलेलं पाकीट ओढून काढू नका. आतलं प्लास्टिक चिकटलं असेल तर हळूहळू ओलं करत सोडवा. आतलं पाकीट नवीन घाला, मूळ पाकीट वेगळं जपा, त्यावरच तो शिक्का असतो. जाड पीव्हीसीची बाहेरची कव्हरं घालू नका, दमट हवेत काही वर्षांनी त्यातून रेकॉर्डवर धुरकट डाग उठतात.

सुईबद्दल: एलपीची सुई ७८ वर लावायची नाही आणि उलटं तर मुळीच नाही. ७८ची रेघ रुंद असते, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीला एक मिलच्या आतली. एलपीची सुई ७८च्या रेघेत तळाशी घासत जाते, नुसती खरखर. ७८ची सुई एलपीवर म्हणजे नांगरच. आजकालच्या बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसते त्या भागाला) वेगळी ७८ची सुई विकत मिळते, बदलून लावायची. आणि प्लेअरवर ७८चा वेग आहे का ते आधी बघा, पुष्कळ नव्या यंत्रांना नसतो.

वास्कोचा_दर्यावर्दी

पावसाळ्याबद्दल थोडं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि जून ते सप्टेंबर घरातली भिंतसुद्धा घाम गाळते. पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले इथे पुरत नाहीत. लाकडी कपाट भिंतीला टेकवून ठेवलंत की वाळवी मागून येते, कळतसुद्धा नाही. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर लांब, खालचा खण रिकामा. रेकॉर्डी उभ्या, घट्ट नको आणि कललेल्या पण नकोत. आडव्या एकावर एक ठेवल्या की खालच्या गेल्या. कसर आणि झुरळं लेबलाच्या खळीसाठी येतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा पंखा लावून कपाट उघडं.

आमच्या घरचा सगळा साठा बोटीवरून आला. घरातली माणसं तारवटी. प्रत्येक बंदराचं काहीतरी. जिम रीव्हज कुठूनही आणायचे, १९६४ मधे तो विमान अपघातात गेला तरी आमच्या वाड्यावर त्याच्या नव्या रेकॉर्डी येतच राहिल्या. एकदा मुलाला सांगितलं, की हा माणूस कधीच गोव्याला आला नाही. त्याचा विश्वास बसेना!

पुणेकर_सध्या_पर्वरीत

पुण्याच्या जुन्या बाजारात वाढलेला माणूस, त्यामुळे भावाचं बोलतो. गोव्यात दोन टोकं आहेत. माहीत नसलेला विकतो ते कवडीमोल, आणि ज्यानं एकदा इंटरनेटवर बघितलंय तो फुटक्या एलपीलाही 'अँटिक' म्हणतो. दुसऱ्याशी वाद घालू नये. त्याच्याकडून घ्यायचीच असेल तर रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. बारीक केसासारखे चरे वाजताना फारसे त्रास देत नाहीत. रेघेला काटकोनात गेलेला, नखाला लागणारा चरा असेल तर ठेवून द्या. काळ्याऐवजी राखाडी दिसत असेल तर जड पिनेच्या जुन्या प्लेअरवर वाजून वाजून रेघ खलास झालीय, कितीही धुतली तरी येणार नाही. घरोघरी एचएमव्हीचे फिएस्टा प्लेअर होते, त्यांनी आनंद दिला तेवढाच रेघांचा भुगा पण केला.

लेबलवरचा क्रमांक बघायची सवय लावा. एचएमव्हीच्या शास्त्रीय संगीताच्या एलपींवर 'ईएएलपी' म्हणजे मोनो, 'ईएएसडी' म्हणजे स्टिरिओ. विकणारा 'स्टिरिओ आहे साहेब' म्हणत असतो आणि हातात ईएएलपी असते.

गीतरामायणाबद्दल मात्र सावध राहा. ५६ गीतं, त्यामुळे संच मोठा, आणि पूर्ण संच म्हणून विकतात तो क्वचितच पूर्ण असतो. एकेक तबकडी काढून मोजा. शेजाऱ्यानं रामनवमीला नेलेली परत आलेली नसते.

आसगावची_माई

आता माझी तक्रार. आमच्या बाजूच्या एका कॅफेनं ७८च्या प्लेटा भिंतीला खिळे ठोकून लावल्यात. खिळे! मधल्या भोकातून नव्हे, बाजूला भोकं पाडून. त्यांत कोंकणी दोन होत्या, मी वाचल्या. दुसऱ्या एका ठिकाणी एलपी ओव्हनमधे तापवून वाट्या केल्यात, त्यांत काजू ठेवतात. विचारलं तर म्हणाले, 'कुणी ऐकत नव्हतं, निदान दिसतंय तरी.'

स्पष्टवक्ता

त्यांचं काय चुकलं? टेम्पोतून कचऱ्यात जाणार होत्या.

मडगावकर

सगळ्याच रेकॉर्डी सारख्या नाहीत हो. लाखभर प्रती निघालेल्या सिनेमाच्या एलपीची, तीही चरे पडून संपलेली, वाटी केली तर माझं काही म्हणणं नाही. पण कोंकणी ७८ किती छापल्या असतील? त्यांतल्या किती फुटल्या? लाखेची प्लेट एकदा हातातून पडली की संपली. ज्याची दुसरी प्रत कुठे आहे हे माहीत नाही त्याला खिळा मारू नये, एवढं तरी मान्य करा. भिंतीला लावायचीच तर आधी कुणाला तरी वाजवून उतरवून घेऊ द्या.

स्पष्टवक्ता

एवढं मान्य.

काळी_एक

उतरवून घेण्यावरून कायद्याचा एक मुद्दा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. त्यामुळे बहुतेक ७८च्या प्लेटांचं ध्वनिमुद्रण आता मोकळं आहे. पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे प्लेट जुनी असली तरी संगीतकार १९८० साली गेला असेल तर चाल अजून मोकळी नाही. स्वतःसाठी उतरवून घेणं वेगळं, चढवताना हे बघून घ्या. कुणाला गंभीरपणे शिकायचं असेल तर मुंबईची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९० पासून हेच काम करते आहे. त्यांची जुनी नियतकालिकं चाळा, सूची कशी करावी ते कळतं.

रेवा_पणजी

सगळ्यांचे खूप आभार, स्पिरिट वाचवलंत! एलपी धुतल्या, दोन वाजल्या पण. एक प्रश्न राहिला. गायिका केसरबाई केरकरांची तबकडी अंतराळात गेलीय हे शाळेत ऐकलं होतं. ती खरंच रेकॉर्ड आहे का, की म्हणायला?

काळी_एक

खरंच रेकॉर्ड. १९७७ साली व्हॉयेजरच्या दोन्ही यानांवर बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, सुईसकट. केरीच्या केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. दोन्ही यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि बाई त्याच सप्टेंबरात गेल्या. जन्मभर ध्वनिमुद्रणाला नाखूष असलेल्या बाईंचा आवाज सगळ्यांत लांब गेलाय! आणि वेगाचं म्हणाल तर ती तबकडी १६ पूर्णांक दोन तृतीयांशवर फिरते. जुन्या चार वेगांच्या गॅरार्ड प्लेअरवर १६चा खटका असायचा, घरी कुणी कधी वापरला नाही. आता कळलं कुणासाठी होता.

वास्कोचा_दर्यावर्दी

हाहा, परग्रहावर गॅरार्ड मिळायला हवा म्हणजे झालं.

डिचोलीचा_फोनो

आणि वेग बरोबर आहे का ते बघायला फिरत्या प्लेअरवर पट्टेवाली कागदी चकती ठेवायची. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ च्या वेगाला १८० पट्टे, ७८ ला ७७. पट्टे स्थिर दिसले की वेग बरोबर. मात्र जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघा, पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली पट्टे दिसतच नाहीत. ट्यूब काढून टाकली असेल तर एक परत लावा, संग्राहकाला कारणच हवं असतं.

वास्कोचा_दर्यावर्दी

बरं, आता कामाचं. सांगेकडच्या एका घरातून फोन आलाय. घर पुढच्या आठवड्यात रिकामं होतंय. फोटोत दोन लाकडी खोकी आणि एक तुटका चेंजर (रेकॉर्डी आपोआप बदलणारा प्लेअर) दिसतोय. वरच्या थरात मराठी नाट्यपदं, खाली काय ते दिसत नाही. सांगे म्हणजे कुर्डीच्या बाजूची माणसं असू शकतात, साळावलीच्या धरणात घरं गेली ती. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. मी एकटा सगळं घेऊ शकत नाही. कोण येतंय?

मडगावकर

मी येतो, मडगावहून जवळ आहे. पैसे अर्धे अर्धे, पण गठ्ठा फोडायचा नाही. यादी दोघांकडे, रेकॉर्डी तुझ्याकडे. चेंजर मला. आणि खोकी कुठल्या घराची ते घरच्यांना तिथेच विचार, नंतर फोन लागत नाही.

काळी_एक

नाट्यपदं निघाली तर वेग लावायला पेटी घेऊन येईन. जेवण मात्र मडगावकराकडे.

वास्कोचा_दर्यावर्दी

ठरलं. माझी गाडी छोटी आहे, खोकी मागच्या सीटवर बसतील. प्लेटा उभ्या लावू की आडव्या?

डिचोलीचा_फोनो

उभ्या. दर दहा प्लेटांनंतर एक जाड पुठ्ठा, खाली जुनी गोधडी, आणि खोक्यात मोकळी जागा राहिली तर वर्तमानपत्र कोंबा. एसी चालू ठेवा. आणि त्यांच्या माळ्यावर पण एकदा विचारून या, पिनांचे पत्र्याचे डबे हमखास तिथेच असतात.